हळद, ऊन आणि रक्ताचा कर्करोग : एका तक्त्याचे परीक्षण

गेल्या हिवाळ्यात परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही परीक्षक म्हणून गेलो होतो. नववीतील दोन मुलींनी मांडलेल्या एका तक्त्यापुढे बरीच गर्दी होती. शीर्षक होते, 'हळद + सूर्यप्रकाश = रक्ताच्या कर्करोगावर मात'. त्याखाली तीन विधाने होती. पहिले, हळदीतील कर्क्युमिन हे द्रव्य प्रकाशात कर्करोगाच्या पेशी मारते. दुसरे, शास्त्रज्ञांनी हे प्रयोगशाळेत सिद्ध केले आहे. तिसरे, हळदीचे पेटंट भारताने अमेरिकेकडून परत मिळविले आहे. शेजारी वर्तमानपत्राचे एक कात्रण डकवलेले होते आणि टेबलावर दोन बाटल्या होत्या. दोन्हींत गवताच्या काड्या कुजवून तयार केलेले पाणी. एका बाटलीत स्पिरिटमध्ये विरघळवलेली हळद घालून ती तीन तास उन्हात ठेवलेली, दुसरी तशीच सावलीत ठेवलेली. पहिलीतील पॅरामेशियम मेले होते, दुसरीतील पोहत होते. सूक्ष्मदर्शकातून ते कोणालाही पाहता येत होते.

मुलींनी उत्तरे धीटपणे दिली. विषय स्थानिक पिकाशी जोडलेला, प्रयोग स्वतः केलेला. गुणपत्रकात 'सामाजिक उपयुक्तता' असा एक रकाना होता. त्यात आम्ही पुरे गुण दिले. तक्त्याला दुसरा क्रमांक मिळाला.

बक्षीस समारंभानंतर तक्ते उतरवले जात असताना एक शेतकरी गृहस्थ त्या मुलींपाशी आले. त्यांच्या भावाचा सात वर्षांचा मुलगा रक्ताच्या कर्करोगाने आजारी होता आणि त्याच्यावर उपचार चालू होते. त्यांनी विचारले, "ताई, लेकराला हळद किती द्यावी लागंल? अन् उन्हात किती वेळ बसवावं?" मुलीने सरांकडे पाहिले, सरांनी आमच्याकडे.

त्या प्रश्नाने आमचे परीक्षण कोठे चुकले हे आम्हांला कळले. गुणपत्रकावर जे लिहावयास हवे होते ते येथे लिहीत आहोत. त्यात त्या मुलींना कमीपणा आणण्याचा हेतू नाही. तक्त्यातील चुका बहुतांशी त्यांच्या नव्हत्या. त्या त्यांच्यापर्यंत पोहोचलेल्या होत्या.

प्रथम तक्त्यातील खरा भाग पाहू. प्रकाशाने काम करू लागणारे औषध ही कल्पना नवी नाही आणि तिचा उगम एका विद्यार्थ्याच्या प्रयोगातच आहे. जर्मनीतील म्युनिक येथे ऑस्कर राब हा वैद्यकाचा विद्यार्थी प्रा. फॉन टापायनर यांच्या हाताखाली अ‍ॅक्रिडीन या रंगद्रव्याचा पॅरामेशियमवर काय परिणाम होतो हे तपासत होता. रंगद्रव्याची मात्रा तीच, पण जीव मरण्यास लागणारा वेळ मात्र दर वेळी निराळा. हा फरक राबने दुर्लक्षिला नाही. प्रयोगाच्या वेळी खोलीत किती उजेड होता यावर तो अवलंबून आहे, हे त्याने शोधून काढले. १९०० साली हे काम प्रसिद्ध झाले. पुढे टापायनर यांनी या क्रियेला ऑक्सिजनही लागतो हे दाखवले आणि तिला 'फोटोडायनॅमिक' हे नाव दिले.

या क्रियेत तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: प्रकाश शोषणारे द्रव्य, त्या द्रव्याला मानवेल अशा तरंगलांबीचा प्रकाश, आणि ऑक्सिजन. द्रव्याचा रेणू प्रकाश शोषून उत्तेजित होतो आणि ती ऊर्जा जवळच्या ऑक्सिजनला देतो. अशा ऑक्सिजनला सिंग्लेट ऑक्सिजन म्हणतात. तो अतिशय क्रियाशील असतो. पाण्यात त्याचे आयुष्य काही मायक्रोसेकंदांचे, पेशीत त्याहूनही कमी. त्यामुळे तो जेथे निर्माण होतो तेथेच, पेशीच्या व्यासाच्या मानाने अगदी थोड्या अंतरात, घाव घालतो. तिन्हींपैकी एक गोष्ट नसली तर काही होत नाही. या उपचाराचे बळ यातच आहे आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, त्याची मर्यादाही यातच आहे.

कर्क्युमिन असे द्रव्य आहे काय? आहे. १९९४ साली अमेरिकेतील चिग्नेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्क्युमिनच्या प्रकाशातील विषारीपणावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात उंदराच्या ल्युकेमियातून मिळविलेल्या पेशी वापरल्या होत्या. कर्क्युमिन आणि प्रकाश एकत्र आल्यावर या पेशींना इजा होते आणि त्यासाठी ऑक्सिजन लागतो, असे त्यांना आढळले. म्हणजे तक्त्यातील पहिली दोन विधाने निराधार नाहीत. 'प्रयोगशाळेतील बशीत वाढवलेल्या उंदराच्या पेशी' या शब्दांच्या जागी 'रक्ताचा कर्करोग' हे शब्द आले, एवढाच फरक. पण सर्व गोंधळ त्या फरकात आहे.

आता दोष पाहू. पहिला दोष प्रयोगाच्या रचनेचा. दोन बाटल्यांत केवळ एकच फरक असावा हा नियम आपण सातवी-आठवीपासून शिकवतो. येथे फरक तीन होते. एका बाटलीत हळद होती. त्याच बाटलीत स्पिरिट होते, आणि स्पिरिटने पॅरामेशियम मरू शकतात. तीच बाटली उन्हात होती, म्हणजे प्रकाशाबरोबर उष्णताही होती. परभणीच्या उन्हात, हिवाळ्यातसुद्धा, काचेच्या बंद बाटलीतील पाणी तीन तासांत किती तापते हे हात लावून कळेल. तेव्हा पॅरामेशियम हळदीच्या प्रकाशक्रियेने मेले, स्पिरिटने मेले की उष्णतेने मेले, हे या प्रयोगातून सांगता येत नाही. राबचे यश नेमके याच्या उलट होते. त्याने इतर सर्व गोष्टी सारख्या ठेवल्या, म्हणून उजेडाचा परिणाम त्याला वेगळा काढता आला.

हा प्रयोग शाळेत नीट करता येतो. चार बाटल्या घ्याव्यात. दोहोंत हळद मिसळलेले स्पिरिट आणि दोहोंत तितकेच नुसते स्पिरिट, थेंबांनी मोजून व शक्य तितके कमी घालावे. प्रत्येक जोडीतील एक बाटली उघडी व दुसरी काळ्या कागदात गुंडाळलेली असावी. चारही बाटल्या पाण्याच्या एकाच परातीत, खिडकीशी किंवा ट्यूबलाइटखाली ठेवाव्यात आणि दर अर्ध्या तासाने तापमान नोंदवावे. पॅरामेशियम मोजणाऱ्या विद्यार्थ्याला कोणती बाटली कोणती हे ठाऊक नसावे. बाटल्यांवर केवळ क्रमांक असावेत. उघड्या हळदीच्या बाटलीतच मृत्यू अधिक आढळले, तर प्रकाश आणि हळद यांच्या एकत्रित परिणामाविषयी काही म्हणता येईल. चारही बाटल्यांत सारखेच आढळले तर तेही तक्त्यावर तसेच लिहावे. त्या तक्त्यालाही बक्षीस मिळाले पाहिजे.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. बशीतील पेशींवर प्रकाश सरळ पडतो. रुग्णाच्या शरीरात तो कोठपर्यंत जाणार? अंधाऱ्या खोलीत पेटता टॉर्च तळहाताखाली धरून पाहावा. हात लालसर दिसतो, कधीही निळसर दिसत नाही. तांबडा प्रकाश ऊतींतून थोडा पार जातो, निळा व जांभळा शोषला जातो. प्रत्यक्ष उपचारात वापरले जाणारे पोर्फायमर हे औषध ६३० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशाने कार्यान्वित केले जाते, आणि तो प्रकाशही साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर खोलीपर्यंतच उपयोगी पडतो. म्हणूनच १९९३ साली कॅनडात या औषधास पहिली मान्यता मिळाली ती मूत्राशयाच्या कर्करोगासाठी आणि १९९५ साली अमेरिकेत मिळाली ती अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी. या जागी दुर्बिणीबरोबर प्रकाशतंतू आत नेऊन नेमक्या गाठीवर प्रकाश टाकता येतो.

कर्क्युमिनची स्थिती याहून अवघड आहे. ते सर्वाधिक प्रकाश शोषते सुमारे ४२५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळ्या-जांभळ्या पट्ट्यात. हा प्रकाश त्वचेत जेमतेम एक मिलिमीटर शिरतो. शिवाय रक्तातील हिमोग्लोबिनही सुमारे ४१५ नॅनोमीटरला प्रकाश अतिशय जोराने शोषते. ज्या रक्तात कर्क्युमिनला काम करावयाचे, ते रक्तच त्याच्या वाट्याचा प्रकाश आधी गिळून टाकते. आणि ल्युकेमिया ही एका जागी बसलेली गाठ नव्हे. त्याचे मूळ हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जेत असते आणि रोगी पेशी सर्व शरीरभर फिरत असतात. मुलाला दिवसभर उन्हात बसवले तरी मांडीच्या किंवा कमरेच्या हाडातील मज्जेत उपयोगी पडेल इतका निळा प्रकाश पोहोचणार नाही. तक्त्यातील बेरजेच्या चिन्हाने ही हाड, मांस आणि त्वचा यांची भिंत पुसून टाकली होती.

तिसरा दोष मात्रेचा. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आतड्यातून फारच थोडे शोषले जाते आणि शोषलेले लवकर बदलून जाते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या तैवानमधील एका अभ्यासात रुग्णांना दिवसाला ८ ग्रॅमपर्यंत शुद्ध कर्क्युमिन दिले, तरी रक्तद्रवातील त्याचे प्रमाण सरासरी २ मायक्रोमोलरच्याही खालीच राहिले. बशीतील अनेक प्रयोगांत १० मायक्रोमोलर किंवा त्याहून अधिक प्रमाण वापरलेले असते. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन शेकडा ४ धरले, तर ८ ग्रॅमसाठी रोज २०० ग्रॅम हळद खावी लागेल. हा हिशेब सहावीचा विद्यार्थीही करू शकतो. शिवाय ऊन कर्क्युमिनचा नाशही करते. कपड्यावरचा हळदीचा डाग धुतल्यावर उन्हात वाळत घातला की फिका पडतो, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. तक्त्यात हे रोजचे निरीक्षण आले असते तर तक्ता अधिक शास्त्रीय झाला असता.

मग ल्युकेमियाच्या पेशींवर प्रकाशाचा प्रयोग शास्त्रज्ञ करतात तरी कशासाठी? त्याला एक समंजस कारण आहे. प्रकाश पेशींपर्यंत जात नसेल, तर पेशींना प्रकाशाकडे आणावे. रुग्णाचीच अस्थिमज्जा बाहेर काढून साठवावयाची, तीव्र औषधांनी शरीरातील रोगी पेशी नष्ट करावयाच्या आणि मग ती मज्जा परत द्यावयाची, अशी एक उपचारपद्धती आहे. अडचण ही की साठवलेल्या मज्जेतही रोगी पेशी असू शकतात. १९८४ साली सीबर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की मेरोसायनीन ५४० हे रंगद्रव्य व प्रकाश यांनी ल्युकेमियाच्या पेशी मोठ्या प्रमाणात मरतात आणि रक्त निर्माण करणाऱ्या निरोगी मूळपेशी बऱ्याच अंशी वाचतात. ही कल्पना पुढे रुग्णांच्या मज्जेवरही आजमावली गेली, पण ती ल्युकेमियाच्या नेहमीच्या उपचारात स्थिरावली नाही.

दुसरे उदाहरण १९८७ मधले. एडेलसन आणि सहकाऱ्यांनी त्वचेत पसरणाऱ्या टी-पेशींच्या लिम्फोमा या कर्करोगात रुग्णाचे रक्त यंत्रातून फिरवून श्वेतपेशी वेगळ्या केल्या, सोरालेन जातीच्या औषधासह त्यांवर अतिनील प्रकाश टाकला आणि त्या परत शरीरात सोडल्या. १९८८ साली अमेरिकेत या पद्धतीस मान्यता मिळाली आणि ती आजही वापरात आहे. कोडावर पूर्वापार वापरल्या जाणाऱ्या बावचीतही सोरालेन असते. मात्र येथे सोरालेन मुख्यतः पेशीतील डीएनएचे धागे एकमेकांस जखडून काम करते. ही क्रिया ऑक्सिजनवर चालणाऱ्या फोटोडायनॅमिक क्रियेहून निराळी आहे.

'पेशी मेल्या' या शब्दांपाशी गणिताच्या शिक्षकांनी थोडे थांबावे अशी आमची विनंती आहे. ल्युकेमियाचे निदान होते तेव्हा शरीरात ढोबळमानाने एक लाख कोटी रोगी पेशी असतात, म्हणजे १ वर १२ शून्ये. एखाद्या औषधाने ९९ टक्के पेशी मारल्या तर बशीतील प्रयोग उत्तम ठरेल. शरीरात मात्र १,००० कोटी पेशी उरतील. ९९.९९ टक्के मारल्या तरी १० कोटी उरतील. पहिल्या महिन्याच्या उपचारानंतर मूल हिंडू-फिरू लागते, रक्ताचा अहवालही चांगला येतो, तरीही डॉक्टर दोन ते तीन वर्षे औषधे चालू ठेवतात, त्याचे कारण या उरलेल्या शून्यांत आहे. सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही म्हणजे नाही, असे नव्हे.

तक्त्याचे तिसरे विधान पेटंटचे. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोघा संशोधकांच्या कामावर, जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याबद्दल पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण पेटंट भारताला 'परत' मिळालेले नाही; हे ज्ञान पूर्वीपासूनच ठाऊक आहे, त्यात नवे काही नाही, या कारणाने ते रद्द झाले. त्याचा कर्करोगाशी संबंध नव्हता. उलट २०१७ साली औषधी रसायनशास्त्राच्या एका अमेरिकी नियतकालिकात कर्क्युमिनवरील संशोधनाचा सविस्तर आढावा आला. शंभरावर चाचण्या होऊनही रुग्ण व डॉक्टर दोघांनाही खरे औषध कोणाला मिळाले हे ठाऊक नसते अशा काटेकोर चाचणीत कर्क्युमिन यशस्वी ठरलेले नाही, असे त्यात म्हटले आहे.

याचा अर्थ आपल्या परसातील वनस्पतींत काही नाही असा नव्हे. सदाफुली पाहा. परभणीत ती कुंपणाशी, देवळाच्या आवारात, कोठेही उगवते. तिच्या पानांतून मिळणारे व्हिन्क्रिस्टीन १९६३ साली अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाले आणि आज ते लहान मुलांच्या ल्युकेमियाच्या उपचाराचा कणा आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी या रोगाची शेकडा दहा मुलेही वाचत नसत. आज सधन देशांत शेकडा ८५ हून अधिक वाचतात आणि आपल्याकडील मोठ्या केंद्रांतही निम्म्याहून बरीच अधिक मुले बरी होतात. पण सदाफुलीची पाने चावून कोणी बरे झालेले नाही. टनावारी पानांतून काही ग्रॅम द्रव्य वेगळे काढणे, त्याची मात्रा ठरवणे, त्याचे दुष्परिणाम मोजणे, इतर औषधांबरोबर ते आजमावणे, ही वाट तिने पार केली. ल्युकेमियासाठी हळदीने ती पार केलेली नाही.

आता जबाबदारीचा प्रश्न. मुलींनी कात्रणावर विश्वास ठेवला. कात्रण लिहिणाऱ्याने बहुधा एखाद्या शोधनिबंधाच्या अखेरच्या वाक्यावर विश्वास ठेवला. आणि ते वाक्य आम्ही संशोधकच लिहितो. बशीतील पेशींवर काम करावयाचे आणि शेवटी 'या निष्कर्षांचा ल्युकेमियाच्या उपचारासाठी उपयोग होऊ शकेल' अशी ओळ जोडावयाची, ही आमच्या व्यवसायाची जुनी सवय आहे. अनुदान देणाऱ्या समितीला ती ओळ बरी वाटते. प्रयोगशाळेत ती कोणी मनावर घेत नाही. खेड्यातील घरात मात्र ती अक्षरशः घेतली जाते, आणि तेथे तिची किंमत फार मोठी असू शकते. बालकर्करोगात उपचार मध्येच सोडून देणे हे आपल्या देशातील अपयशाचे एक ठळक कारण आहे. पैसा संपतो, मुंबई दूर असते, मुलाचे केस गळतात, आणि पहिल्या महिन्यानंतर मूल बरे दिसू लागते. अशा वेळी कोणी हळद आणि उन्हाचा सोपा मार्ग दाखवला, तर घरच्यांनी तो धरला यात नवल ते काय?

म्हणून वर्गात किंवा प्रदर्शनात अशी बातमी आली की शिक्षकांनी चार प्रश्न विचारावेत. हे बशीत घडले, प्राण्यात घडले की माणसात? औषध, प्रकाश, जे काही असेल ते, रोगाच्या जागी पोहोचते काय? तुलनेसाठी काय ठेवले होते? आणि किती पेशी मेल्या याबरोबर किती उरल्या? या चार प्रश्नांना उत्तरे नसतील तर 'मात', 'रामबाण', 'सिद्ध' हे शब्द तक्त्यावर येऊ देऊ नयेत. परीक्षकांनीही 'सामाजिक उपयुक्तता' या रकान्यात गुण देताना, हे वाचून उद्या कोणी काय करील, याचा विचार करावा. आम्ही तो केला नव्हता.

त्या गृहस्थांना आम्ही काय सांगितले ते सांगून थांबतो. जेवणातली हळद खुशाल असू द्या, पण तिला औषध समजू नका आणि वेगळ्या गोळ्या-चूर्ण डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. उन्हाने हाडातला रोग जात नाही. मूल बरे दिसते आहे ते औषधांमुळे. ती चुकवू नका. एक लाख कोटीचा हिशेब आम्ही मुलींच्याच वहीच्या पानावर लिहून दाखवला. ते शून्ये मोजत राहिले. पुढची तारीख कधीची आहे, असे विचारल्यावर त्यांनी पुढच्या आठवड्याची सांगितली आणि गाडीभाड्याची अडचण बोलून दाखवली. रुग्णालयातील समाजसेवा विभागाकडे याविषयी चौकशी करता येते, हे त्यांना ठाऊक नव्हते. ते आम्ही त्याच पानावर लिहून दिले.

मुलींना आम्ही तक्ता टाकून न देता शीर्षक बदलण्यास सांगितले. नवे शीर्षक त्यांनीच सुचवले: 'हळद उजेडात सूक्ष्मजीव मारते काय? आमच्या चार बाटल्या'.